कुंकवावरची पट्टी

बहिरू तुंगारला सगळे बहिरूभाऊ म्हणत. नाशकात मुंबई नाक्यापासून द्वारका चौकापर्यंत गाड्या सजवायची जेवढी म्हणून दुकानं आहेत, तिथे त्याचं नाव काढलं की माणसं मान डोलावत. काम काय, तर गाडीच्या दाराला पट्ट्या चिकटवायच्या. ऐकायला काहीच नाही. शाळेतलं पोरही वहीला स्टिकर चिकटवतं. पण बहिरूने लावलेली पट्टी निघाली तर दार घेऊनच निघेल, असं त्याचा मालक शेखर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि बहिरू शेजारी उभा राहून ते दरवेळी पहिल्यांदाच कानावर पडल्यासारखं ऐकायचा. व्यसन काही दारूचंच लागतं असं नाही.

तो मूळचा नांदगावकडचा. बावीस वर्षांचा असताना अंबडच्या एका कारखान्यात लागला. तिथे गाड्यांची दारं तयार होत आणि दाराच्या मधोमध रबरी पट्टी लावायचं काम बहिरूकडे होतं. अठ्ठावीस वर्षं त्याने तेवढंच केलं. पट्टी लावायची खोली वेगळी होती आणि तिच्या भिंतीवर तापमापक टांगलेला होता. पारा अठराच्या खाली गेला की सुपरवायझर काम थांबवायचा आणि हीटर लावायचा. नव्या माणसाला वाटायचं, पट्टी आहे की जावई, एवढे लाड कशाला? पण पट्टीच्या पाठीला दोन्ही बाजूंनी चिकटणारा जो टेप असतो, तो गारठ्यात कडक होतो. चिकटल्यासारखा दिसतो, धरत मात्र नाही. पत्रा कोमट हवा, कोरडा हवा आणि स्वच्छ हवा. तेलाचं एक बोट लागलेलंही त्याला खपत नाही. बहिरूला हे झोपेत विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

पुढे कारखान्याने आपलं बिऱ्हाड दुसरीकडे हलवलं आणि पन्नाशीला टेकलेल्या बहिरूला कुणी विचारेना. शेखरने विचारलं. तो बहिरूपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, तोंडाने फटकळ, पण माणसाची पारख असलेला. त्याने बहिरूला दुकानात घेतलं आणि त्याच्या कामात कधी नाक खुपसलं नाही. थंडीच्या दिवसांत बहिरूची शिस्त ठरलेली. अकरा वाजेपर्यंत पट्टीला हात लावायचा नाही. गाडी उन्हात उभी करायची, पत्र्यावर तळहात टेकवायचा, गार लागला तर हीट गनने गरम हवा मारायची, स्पिरिटने पुसायचं आणि मग पट्टी. एकदा एका पुढाऱ्याची गाडी सकाळी आठला आली. ड्रायव्हरने साहेबांचं नाव घेऊन पाहिलं. बहिरू म्हणाला, साहेबांच्या नावाने पत्रा तापत असेल तर घ्या नाव. ती गोष्ट शेखरने महिनाभर ज्याला त्याला सांगितली.

तर असा हा माणूस. आता याने काय केलं ते ऐका.

मार्गशीर्षातला शुक्रवार होता. नाशकात थंडी म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही, त्या सकाळी माणसं बोलायला तोंड उघडायचीही टाळत होती. साडेसात वाजले असतील. मखमलाबादचा दीपक आपली नवी कोरी पांढरी गाडी घेऊन दुकानापुढे येऊन थांबला. आदल्या दिवशीच, गुरुवारी, गाडी घरी आली होती. बरोबर त्याची आई कुसाबाई होती. नवरा गेल्यावर या बाईने दीड एकरात झेंडू आणि शेवंती करून दोन लेकरं वाढवली. पहाटे उठून फुलं तोडायची, पंचवटीच्या फूलबाजारात नेऊन बसायचं, असं तीस वर्षं. घरातली ही पहिली चारचाकी. तिची पहिली फेरी वणीच्या गडावर न्यायची, देवीला दाखवायची आणि मगच इकडेतिकडे फिरवायची, हे घरात ठरलेलं. गडाखालच्या गर्दीत दाराला दार घासतं म्हणून निघायच्या आधी पट्ट्या लावून घ्याव्यात, असं दीपकने ठरवलं आणि रात्रीच शेखरला फोन केला होता.

बहिरूने गाडीभोवती चक्कर मारली आणि त्याच्या लक्षात आलं की पंचाईत आहे. कुसाबाईने आदल्या संध्याकाळी गाडीची पूजा केली होती. बॉनेटवर स्वस्तिक होतं, ते असू दे. पण चारही दारांवर, बरोब्बर मधोमध, तिने कुंकवाची पाच पाच बोटं ओढली होती. गडावर जाईपर्यंत उडून जाऊ नये म्हणून कुंकू खोबरेल तेलात कालवलेलं. पट्टी जिथून जायची, नेमकी तिथेच ती बोटं. बहिरूने खिशातून फडकं काढलं, तशी कुसाबाई पुढे झाली.

"पुसू नका भाऊ," ती म्हणाली. "आज देवीला दाखवायचं हाय. पट्टीखाली झाकलं गेलं तरी चालंल, आतून राखण करंल. पन पुसू नका."

पूजेचं कुंकू पुसायचं नाही, हे बहिरूलाही घरातून शिकवलेलं होतं. त्याच्या आईने तर जात्यावरचं कुंकूसुद्धा कधी पुसू दिलं नव्हतं. त्याने हात मागे घेतला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. आता त्याने एवढंच म्हणायचं होतं की मावशी, मग देवीला जाऊन या, उद्या दुपारी ऊन आल्यावर लावू. दीपक तर स्वतःहून म्हणाला, "काका, जमत नसेल तर राहू द्या, उद्या येतो." म्हणजे घाई गिऱ्हाइकाला नव्हती. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे बहिरूने मनातल्या मनात कितीतरी वेळा घाईवर खापर फोडून पाहिलं.

झालं असं, की नेमकं त्याच वेळी शेखर शटरमधून बाहेर आला आणि त्याने आपलं नेहमीचं पालुपद लावलं. दार घेऊन निघेल, पुढाऱ्याची गाडी, अंबडचा कारखाना, सगळं. कुसाबाई ते भक्तिभावाने ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने बहिरूच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली की काही मानसांच्या हाताला गुण असतो, आमच्या आज्याच्या हाताला होता, त्याने लावलेलं झाड कधी मेलं नाही. बहिरूच्या हातांना असं कुणी म्हटलं नव्हतं. कारखान्यात हात म्हणजे हजेरीतला एक आकडा. चोपन्न वर्षांचा माणूस, आणि लहान पोरासारखा फुलला.

"मावशी, पुसत नाय मी," तो म्हणाला. "माझ्या हातची पट्टी हाय. कुंकवावरच काय, राखेवर लावली तरी बसंल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बोलून गेल्यावर त्याने पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा इतका गार होता की हात आपसूक मागे आला. त्याने हीट गन काढली, तार लावली, पहिल्या दारावर क्षणभर गरम हवा मारली. तेल लगेच चकाकलं आणि पाचातलं एक बोट खाली ओघळायला लागलं. त्याने पटकन गन बंद केली. म्हणजे पुसायचंही नाही आणि तापवायचंही नाही. तरी अजून वेळ गेली नव्हती. जीभ उचलून नाही म्हणायला किती लागतं? पण शेखर बघत होता, कुसाबाई बघत होती, आणि राखेवर पट्टी बसवणारा माणूस आता मागे कसा येणार? त्याने कुंकवाच्या वर-खाली फडकं फिरवलं, टेपवरचा कागद सोलला आणि पट्टी दाबली. एक, दोन, तीन, चार. बोटं थंडीने आखडली होती, दाबायला जोर येत नव्हता. वरून तात्पुरता कागदी मास्किंग टेप लावून त्याने दहा मिनिटं धरून ठेवल्यासारखं केलं. दिसायला काम देखणं झालं.

निघताना त्याने नेहमीची सूचना दिली. उद्यापर्यंत पाणी लागू द्यायचं नाही. कुसाबाईने मान हलवली आणि त्याच्या हातावर पेढा ठेवला. गाडी गेल्यावर बहिरूने तो खाल्ला. त्याला तो गोड लागला, हेही पुढे त्याला खूप दिवस आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी अकराला दीपक आणि कुसाबाई गाडी घेऊन परत आले. डाव्या बाजूची पुढची पट्टी दिंडोरीच्या अलीकडे कुठेतरी गळून पडली होती. मागची एका टोकाला धरून लोंबत होती, आणि वाऱ्याने दारावर आपटून आपटून तिने पांढऱ्या रंगावर वीतभर ओरखडा काढला होता. दीपकच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला ती पट्टी नको होती, ओरखड्याच्या आधीची गाडी हवी होती. शेखर बाहेर आला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही बाहेर येऊन उभी राहिली. आपल्याकडे दुसऱ्याची गाडी खरचटलेली बघायला माणसाला सवड असतेच.

बहिरू गुडघ्यावर बसला आणि त्याने लोंबती पट्टी हळूच उलटी केली. टेपच्या पोटावर कुंकू होतं. पाचही बोटं जशीच्या तशी उमटून आली होती. ज्याला या कामातलं काही कळत नाही, त्यालाही बघता क्षणी कळलं असतं की टेपने पत्र्याला धरलंच नव्हतं, कुंकवाला धरलं होतं. बहिरूच्या मागे पाच माणसं उभी होती. त्याने पट्टी ओढून काढली, चिकट बाजूवर चिकट बाजू दुमडली आणि मुठीत दाबली. हात सराईत माणसासारखे चालले. मग त्याने मान वर करून, डॉक्टर विचारतो तसं विचारलं, की पाणी लागलं होतं का.

उत्तर त्याला माहीत होतं. गडावर गाडी नेली म्हणजे नारळ फुटणार, आणि नारळ फुटला म्हणजे त्याचं पाणी गाडीवर शिंपडणार. ते कुणी सांगायला नको. तरी त्याने विचारलं, कारण विचारायचा उपयोग होता. कुसाबाईचा चेहरा उतरला. तिने सांगितलं की चाकांवर नारळाचं पाणी तिने घातलं, आणि ओंजळीतलं थोडं दारांवरही शिंपडलं. तीर्थ म्हणून. ते पाणी मानून तिने घातलंच नव्हतं.

"मग तेच झालं," बहिरू म्हणाला.

तीन शब्द. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला तेवढे पुरतात. दीपक आईकडे वळला आणि रस्त्यावर, चार परक्या माणसांत, तिला बोलला. एक गोष्ट सांगितलेली तुला लक्षात राहत नाही, काकांनी निघताना सांगितलं होतं, तुला प्रत्येक ठिकाणी तुझंच करायचं असतं, नव्या गाडीची वाट लावून ठेवली. पोरगा वाईट नव्हता. ओरखड्याने जीव कळवळला होता आणि राग काढायला आई समोर उभी होती. कुसाबाई बहिरूपुढे आली आणि तिने हात जोडले.

"माझ्यापायी तुमच्या हाताला बोल लागला भाऊ," ती म्हणाली. "माफ करा."

बहिरूची मूठ मिटलेली होती आणि तिच्यात ती पट्टी होती. तेव्हा त्याने मूठ उघडायला हवी होती. उघडली नाही. "असू द्या मावशी, होतं असं," असं काहीतरी पुटपुटला आणि आत जाऊन त्याने ती घडी कचऱ्याच्या डब्यात तळाशी कोंबली, वर जुने पेपर टाकले. चोराच्या मनात चांदणं. डबा झाकल्यावरही त्याला तो उघडाच वाटत होता.

त्या दिवशी त्याने गाडी दोन तास उन्हात ठेवली, सगळं पुसलं, तापवलं आणि चारही दारांना नव्या पट्ट्या अशा लावल्या की कारखान्यातल्या सुपरवायझरने पाठ थोपटली असती. ओरखडा पॉलिशने जेवढा जाईल तेवढा घालवला. आता कुंकू पुसलं तरी चालत होतं, देवीने ते बघितलं होतं. शेखरने एक पैसा घेतला नाही. दीपक जाताना म्हणाला, की चूक आमची असून तुम्ही एवढं केलंत, काका, आजकाल अशी माणसं राहिली नाहीत. बहिरूला वाटलं, याने आपल्या दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण हेही त्याला नंतर वाटलं. त्या वेळी त्याला फक्त सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज पुढे सगळ्यात जास्त टिकली.

दुकानातल्या देवाला हार आणायचं काम दर गुरुवारी बहिरूकडे होतं. तो हिरावाडीत राहायचा, फूलबाजार वाटेवर. आजवर त्याने फूल विकणारीच्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी तो हार घेत होता, तेवढ्यात पलीकडच्या गोणपाटावरून हाक आली, "भाऊ." कुसाबाई होती. तिने त्याला बोलावून घेतलं, हार बांधून दिला आणि वर ओंजळभर शेवंती पिशवीत टाकली. ही कशाला, तर तुमच्या घरच्या देवाला. तो नको नको म्हणाला. ती म्हणाली, "घ्या. त्या दिवशीचं माझ्या मनातून जात नाय."

त्याने घेतली. काय करणार? मग ती आपण होऊन सांगायला लागली, हसत हसत, जसं माणूस आपलं दुखणं सांगताना हसतो तसं. घरात आता गंमतच झाली होती. मिक्सर बंद पडला तरी दीपक म्हणायचा, आईने तीर्थ शिंपडलं असेल. सून तोंडाला पदर लावायची. दोन दिवसांपूर्वी, मंगळवारी, गाडीला हळदकुंकू लावायचं होतं, तर दीपक म्हणाला, आई तू लांबून, वैष्णवीला लावू दे. वैष्णवी म्हणजे त्याची बायको. तेव्हापासून कुसाबाईने गाडीला हात लावला नव्हता. बसायची वेळ आली तर पोरगा दार उघडेपर्यंत ती उभी राहायची. तीस वर्षं फुलं विकून ज्या बाईने घरात गाडी आणली, तिच्या हाताला घरच्यांनी अपशकुनी ठरवून टाकलं होतं. तेही प्रेमाने, थट्टेत. आणि तिने ते मान्य केलं होतं, कारण एका जाणत्या कारागिराने सांगितलं होतं की मग तेच झालं.

बहिरूला त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायकोने, मनीषाने, शेवंती देवापुढे ठेवली आणि विचारलं की एवढी फुलं कुठून. त्याने सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, की मग सांगून टाका ना. जसं काही दळण आणायचं राहिलं होतं. बहिरू चिडला. म्हणाला, अठ्ठावीस अधिक चार, बत्तीस वर्षांचं नाव आहे माझं, दुसरं आहे काय आपल्याजवळ. मनीषा म्हणाली, "त्या बाईचं नाव नव्हतं का?" आणि ती भांडी घासायला गेली. खाई त्याला खवखवे. बहिरू ताटासमोर बराच वेळ हात वाळवत बसला.

पुढच्या गुरुवारी तो सांगायचं ठरवूनच गेला. मावशी, एक बोलायचं होतं, इथपर्यंत आलाही. पण तिने मान वर केली, त्याला बघून तिच्या डोळ्यांत आदर आणि ओशाळेपण आलं, आणि त्याने बोलणं फिरवलं. त्याने विचारलं, शेवंती यंदा कशी आहे. तिने सांगितलं, बरी आहे. पुन्हा ओंजळभर फुलं. त्याच्यापुढचे दोन गुरुवार तो दुसऱ्या गल्लीतून गेला आणि दुसरीकडून हार घेतला. दुकानात आता शेखरने 'दार घेऊन निघेल' सुरू केलं की तो आत निघून जायचा. शेखरला वाटलं, वय झालं, माणूस विनयी होतो.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. दुपारचा एक वाजला होता, ऊन होतं पण हवेत बोचरेपणा होता. दीपक गाडी घेऊन आला. त्याला खिडक्यांवर पावसापाण्याच्या त्या छोट्या झडपा लावून हव्या होत्या, दुकानात ज्यांना वायझर म्हणतात. कुसाबाई बरोबर होती. कुठल्याशा लग्नाला जायचं होतं, अंगावर नवं लुगडं होतं. ती उतरली आणि गाडीजवळ न थांबता दहा पावलं लांब, विजेच्या खांबाजवळ जाऊन उभी राहिली. शेखरने तिला खुर्ची देऊ केली. दीपक हसून म्हणाला, राहू द्या शेठ, तिला गाडीपासून लांबच बरं वाटतं. शेखर हसला. कुसाबाईही हसली.

बहिरूने पुढच्या दोन खिडक्यांचं काम केलं. पत्रा तापवला, पुसला, वायझर बसवले. तिसऱ्याला हात घातला आणि त्याला जमेना. स्पिरिटची बाटली त्याने खाली ठेवली आणि तो दीपकसमोर जाऊन उभा राहिला. त्याने सरळ सांगितलं. पाण्याने काही झालं नव्हतं. त्या सकाळी पत्रा गार होता आणि तेलाच्या कुंकवावर मी पट्टी लावली. ती निघणारच होती, गडावर पाऊस पडला काय आणि थेंब नाही पडला काय. मला ते लावतानाच माहीत होतं. आणि दुसऱ्या दिवशी पट्टीच्या मागे कुंकू निघालं, ते मी लपवलं.

दीपकला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो ओशाळा हसला आणि बहिरूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, जाऊ द्या काका, पट्टी तर तुम्ही परत लावून दिलीत, झालं गेलं. शेखरनेही री ओढली, होतं कधी कधी, माणूस आहे. दोघांनी दोन वाक्यांत विषय मिटवला. पुरुषमाणसांत असं पटकन मिटतं. बहिरूला क्षणभर वाटलं, एवढंच होतं तर? आणि त्याने मान वळवली, तर कुसाबाई खांबापासून चालत त्यांच्याकडे आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"पट्टीचं काय नाय भाऊ," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पट्टी निघती, परत लागती. ह्या पोरानं चार मान्सांत मला नाय नाय ते बोललं, त्याचंबी काय नाय, पोटचं हाय. पन मी तुमच्यापुढं हात जोडले व्हते. तवा तुमाला ठावं व्हतं?"

"होतं," बहिरू म्हणाला.

"अन् तरी तुमी मला जोडू दिले."

बहिरूने थंडीचं उत्तर तयार ठेवलं होतं, तेलाचं ठेवलं होतं, शेखर बघत होता त्याचंही ठेवलं होतं. महिनाभर रात्रंदिवस घोकलेली सगळी उत्तरं पट्टीची होती. त्याने खाली पाहिलं. दीपकही खाली बघत होता, त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

दोन खिडक्या राहिल्या होत्या. अर्धं काम घेऊन गाडी लग्नाला कशी न्यायची? कुसाबाईने ती मघाची खुर्ची स्वतः ओढून गाडीला अगदी चिकटून ठेवली, बसली आणि म्हणाली, "करा पुरं." बहिरूने बाटली उचलली, फडकं घेतलं आणि काम सुरू केलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. त्याच्या हातांकडे बघत होती, आणि शेवटचा वायझर बसेपर्यंत तिने तिथून नजर काढली नाही.